त्या गोळीबद्दल, आपल्या दोघींत

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, मग निवांत बोलू. हो, असं औषध आहे. एचआयव्ही झालेला नसताना, तो होऊ नये म्हणून घ्यायची गोळी. रोज एक. डॉक्टर तिला प्रेप म्हणतात. लग्न झालेलीला चालते, न झालेलीला चालते, बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते. आणि ती घेणारी बाई ‘तसली’ असते असं ज्या कोणी तुझ्या कानात घातलं, तिला औषधाची काही माहिती नव्हती. तिने तुला नुसता धाक घातला.

‘एका मैत्रिणीसाठी विचारतेय ताई,’ असं म्हणालीस. असू दे. मैत्रिणीसाठी विचार, जावेसाठी विचार, मामेबहिणीसाठी विचार; कोणासाठी ते मी खोदून काढणार नाही. ही गोष्ट विचारायला तोंड उघडलंस हेच आपल्याकडे फार आहे. आपल्याकडे पाळीच्या कपड्याला ऊन दाखवायची चोरी, तिथे या गोळीचं नाव घ्यायचं म्हणजे काय, ते मला समजतं.

लाज कुठून येते ते आधी बघू. या गोळीत टेनोफोविर आणि एमट्रिसिटाबिन ही दोन औषधं असतात. विषाणू शरीरात शिरला तरी पेशीत घुसून स्वतःच्या नकला काढायचं त्याचं काम ही औषधं अडवतात, आणि जम बसायच्या आतच तो निकामी होतो. पण टेनोफोविर हेच औषध एचआयव्ही झालेल्यांच्या उपचारातही असतं. या उपचाराच्या सरकारी केंद्रावर, म्हणजे एआरटी केंद्रावर, टीएलडी नावाची गोळी देतात, तिच्यातला पहिला ‘टी’ म्हणजे हेच. त्यामुळे घरातल्या कोणाच्या हाती डबी लागली आणि त्याने मोबाइलवर नाव टाकून बघितलं, की समोर येतं ‘एचआयव्हीचं औषध’. मग दोनच निष्कर्ष निघतात. हिला तो रोग आहे, नाहीतर हिचं बाहेर काहीतरी आहे. तिसरी शक्यता, की ही शहाणी आहे आणि स्वतःचा जीव जपते, ती कोणाच्या डोक्यातच येत नाही.

हे आपल्याच गावात होतं असं समजून स्वतःला कोसू नकोस. अमेरिकेत 2012 साली या गोळीला प्रेप म्हणून मान्यता मिळाली, तेव्हा तिथेही ती घेणाऱ्यांना चारित्र्यावरून घाणेरडी नावं ठेवली गेली. आणि आफ्रिकेत जे झालं ते तर मी तुला नीट सांगणार आहे, कारण त्यात तुझ्या वयाच्या मुली आहेत.

दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वे या देशांत 2009 ते 2012 या काळात व्हॉइस नावाचा मोठा अभ्यास झाला. 5,029 बायका त्यात होत्या. काहींना रोजची गोळी, काहींना जेल. दर महिन्याला त्या येत, गोळ्या मोजून दाखवत, ‘घेतली, रोज घेतली’ म्हणत. डब्या रिकाम्या होत्या, हिशेब जुळत होता. शेवटी साठवलेले रक्ताचे नमुने तपासले, तर तीनातल्या एका नमुन्यातही धड औषध सापडेना. प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास, जेलचं तर त्याहून कमी. सगळ्यांत कमी औषध सापडलं ते पंचविशीच्या आतल्या, लग्न न झालेल्या मुलींच्या रक्तात, आणि लागण सगळ्यांत जास्त झाली तीही त्यांनाच. नंतर संशोधकांनी त्यांच्याशी बसून बोलणं केलं तेव्हा मनातलं बाहेर आलं. गोळी घेताना कोणी बघितलं तर मला एचआयव्ही आहे असं वाटेल, जोडीदार सोडून जाईल, घरचे काय म्हणतील. त्याच सुमाराला केनिया आणि युगांडातल्या 4,747 जोडप्यांचा दुसरा अभ्यास झाला. त्यात एक जण बाधित, दुसरा नाही, आणि दोघांनाही ते ठाऊक. तिथे लपवायचं कोणापासून? गोळ्या घेतल्या गेल्या. ज्यांच्या रक्तात औषध सापडलं त्यांचा धोका जवळपास 90 टक्क्यांनी कमी झाला होता. गोळी तशीच, माणसंही आसपासच्याच देशांतली. एका ठिकाणी ती पोटात गेली, दुसऱ्या ठिकाणी मोरीत.

म्हणून मी या लाजेला हलकं घेत नाही. तुझ्या मनाचा दुबळेपणा वगैरे काही नाही हा. औषध निकामी करण्याइतकी ताकद तिच्यात आहे.

आता आपल्याकडे ये. आपल्याकडे बाईला धोका कुठून असतो, याबद्दल सगळ्यांची एक ठरलेली समजूत आहे: वाईट वागणाऱ्या बाईला होतो, संसारी बाईला होत नाही. ही समजूत पुण्यात तीस वर्षांपूर्वीच खोटी ठरलीय, फक्त आपल्या चावडीपर्यंत ती बातमी आलेली नाही. पुण्याच्या भोसरीला एड्सवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. तिथले डॉ. रमण गंगाखेडकर तू टीव्हीवर पाहिले असशील, कोविडच्या वेळी दिल्लीहून रोज माहिती द्यायचे ते; 2020 साली त्यांना पद्मश्रीही मिळाली. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 ते 1996 या काळात पुण्यातल्या गुप्तरोगाच्या दवाखान्यांत आलेल्या 916 बायकांची तपासणी केली. त्यातल्या 391 जणी देहविक्री न करणाऱ्या, बहुतेक संसारी, नवऱ्यापलीकडे कोणी नसलेल्या. त्यांच्यातल्या 13.6 टक्के बायकांना एचआयव्ही होता. शंभरात तेरा-चौदा. दवाखान्यात त्रास घेऊन आलेल्या बायकांमधला हा आकडा आहे, सगळ्या गावाचा नाही, हे लक्षात ठेव. पण त्यांना एचआयव्ही आला कुठून? त्यांच्या नवऱ्यांकडून. 1997 साली हे अमेरिकेतल्या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्या बायकांनी काय चुकीचं केलं होतं? मंगळसूत्र घातलं होतं, एवढंच.

मला या आकड्याचा अजूनही राग येतो. ‘पदरी पडलं आणि पवित्र झालं’ म्हणत आपण पोरींना बोहल्यावर उभं करतो. पत्रिका बघतो, नाड बघतो, मुलाची जमीन किती, बोअरला पाणी किती ते बघतो. रक्ताचं कोणी विचारत नाही. आणि लग्नाचं वय काय, तर 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात विशीतल्या जवळपास 22 टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, आणि मराठवाड्यात हे प्रमाण राज्यापेक्षा बरंच जास्त. सोळा-सतरा वर्षांच्या पोरीने नवऱ्याला ‘निरोध वापर’ म्हणायचं? ती म्हणाली तर तो विचारणार, ‘काहून? माझ्यावर भरोसा नाही का? का तुझंच काही आहे?’ आणि विषय तिथेच संपणार. कधी थोबाडीत बसून संपणार.

आपल्या जालना जिल्ह्याचं जगणं कसं आहे ते तुला वेगळं सांगायला नको. दसरा-दिवाळी झाली की घनसावंगी, अंबड, परतूर, मंठ्याकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ट्रॅक्टरवर संसार बांधायचा आणि सांगली-कोल्हापूर, पुण्याकडे, कधी कर्नाटकात जाऊन कारखान्याच्या आसपास खोप टाकायची. परत यायला उन्हाळा उजाडतो. जालन्याच्या एमआयडीसीत सळयांचे कारखाने, तिथे दूरदूरहून आलेले कामगार, रात्रंदिवस ये-जा करणारे ट्रक. घरापासून महिनोन्महिने लांब राहणारा माणूस वाईटच असतो असं मी म्हणत नाही. माझ्या ओळखीत ट्रकवर आयुष्य काढलेली सोन्यासारखी माणसं आहेत. पण लांब राहण्याने धोका वाढतो, तो बायकोपर्यंत पोचतो आणि तिला त्याचा पत्ता नसतो. बहुतेक जणींना पत्ता लागतो तो पहिल्या गरोदरपणात, नाव नोंदवलं की रक्त तपासतात तेव्हा. आणि तिचा कागद आधी आला म्हणून घरात काय म्हणतात? ‘हिनेच आणला.’ नवऱ्याची तपासणी झालेलीच नसते, आणि निकाल लागूनही जातो.

म्हणूनच मला ही गोळी एवढी महत्त्वाची वाटते. निरोध उत्तम आहे, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो, प्रेप घेतलीस तरी तो वापरायला हवा, कारण प्रेपने गरोदरपण थांबत नाही आणि गरमी-परमासारखे बाकीचे रोगही थांबत नाहीत. पण निरोधाला त्याची कबुली लागते. त्याच्या तपासणीला त्याची कबुली लागते. ही गोळी बाई एकटी, घरात कोणाला न विचारता, पाण्याच्या घोटाबरोबर घेऊ शकते. आणि बाईच्या एकटीच्या हातात जे जे आलं त्याला आपल्या समाजाने आधी नाव ठेवलं, हे काही आजचं नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. 1927 पासून 1953 पर्यंत, अगदी मरेपर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. बाईला मूल कधी हवं हे तिने ठरवावं, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यावर काय आरोप झाले? बायका बिघडतील, भीती गेली की लाज जाईल. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले भरले, 1934 सालच्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले, तरी दंड झालाच. आज तुझी आशाताई माला-एनची पाकिटं पिशवीत घालून दारोदार फिरते आणि सासूच पुढे होऊन म्हणते, ‘दे गं तिला, दोन वर्षं अंतर पडू दे.’ तीच सासू या दुसऱ्या गोळीवर तोंड वाकडं करील, हे मला दिसतंय. पण माला-एनवर तिच्या सासूने केलं होतं, हेही खरं.

आता कामाचं बोलू.

पहिलं म्हणजे, ही गोळी कोणा मैत्रिणीकडून मागून, दोन दिवस घेऊन बघायची नाही. सुरू करण्याआधी एचआयव्हीची तपासणी हवीच. अंगात विषाणू आधीच असेल तर ही दोन औषधं त्याला पुरत नाहीत. उलट तो त्यांना सरावतो आणि पुढे खऱ्या उपचाराला त्रास होतो. मूत्रपिंडाची आणि कावीळ-बीची तपासणी करतात. नंतर दर तीन महिन्यांनी पुन्हा एचआयव्हीची. पहिले काही दिवस काहींना मळमळतं, डोकं धरतं, पोट बिघडतं. बहुतेकींचं ते आपोआप थांबतं. पाळणा लांबवायच्या गोळीशी हिचं भांडण नाही. आणि बाईच्या शरीरात संरक्षण तयार व्हायला काही दिवस लागतात, म्हणून ‘आज नवरा येणार, आज घेते’ असं करून चालत नाही. काही पुरुषांना प्रसंगापुरती घ्यायची पद्धत सांगितलेली आहे. ती आपल्यासाठी नाही.

दुसरं, ती लपवण्याबद्दल. यावर मला मोठ्या मोठ्या गप्पा मारायच्या नाहीत. ‘समाजाला घाबरू नकोस, उघड घे’ असं शहरातल्या खोलीत बसून सांगायला काय जातं? दोन खोल्यांच्या घरात, जिथे लुगड्याची घडी बदलली तरी सासूला कळतं, तिथे लपवणं हाच कधीकधी एकमेव रस्ता असतो. लपव. त्यात कमीपणा काही नाही. तीस गोळ्यांची पांढरी प्लास्टिकची डबी असते, उचलली की खुळखुळ वाजते, आणि नेमका तो आवाज सगळ्यांना ऐकू जातो. तेव्हा डबी जाड फडक्यात घट्ट गुंडाळ. शिलाई मशीनचा खण, शाळेच्या जुन्या वह्यांची ट्रंक, जिथे तुझ्याशिवाय कोणाचा हात जात नाही अशी जागा. चुलीजवळ नको, न्हाणीत नको. ऊब आणि ओल दोन्ही वाईट. डबीत ओल शोषणारी छोटी पुडी असते, ती टाकून देऊ नकोस. आणि गोळ्या काढून दुसऱ्या औषधाच्या डबीत भरू नकोस. का? सासऱ्यांचं डोकं दुखलं आणि त्यांनी त्यातली एक घेतली तर? शिवाय मोजणी चुकते, घेतली की नाही तेच कळेनासं होतं. एखाद्या ठरलेल्या कामाला गोळी जोडून टाक. भाकरी झाल्यावर, किंवा रात्री भांडी घासून झाल्यावर सगळे टीव्हीपुढे असतात तेव्हा.

टोळीबरोबर जायचं असेल तर त्याची तयारी दिवाळीआधीच करायला हवी. खोपीला दार नसतं, पलीकडच्या खोपीतलं खोकणंही इकडे येतं. तिथे पहाटे तीनला उठून फडात जायचं. गोळ्या किती लागतील ते मोज, पुरेशा घेऊन ठेव, आणि कोयता, बिछाना, पिठाचा डबा बांधताना त्या कशात ठेवायच्या ते तूच ठरव, दुसऱ्याच्या हाती बांधाबांध देऊ नकोस. फडाजवळच्या अनोळखी दुकानात ऐनवेळी हे औषध मिळेल या भरवशावर मुळीच राहू नकोस.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, ते इथे एवढ्यापुरतंच खरं: मूठ जगापुढे झाक, पण गोळी पोटात गेलीच पाहिजे. आणि एका माणसाला तरी माहीत असू दे. आई, बहीण, चुलतजाऊ, आशाताई, कोणीही जिचं तोंड बंद राहतं. एकटीने वाहिलेलं गुपित फार दिवस चालत नाही, असं मी बघत आलेय. डबी सापडून मारहाण होईल अशी खरी भीती असेल, तर ती भीती आधी सांग; 181 हा बायकांच्या मदतीचा क्रमांक आहे.

कोलकात्यात आणि म्हैसूरला देहविक्रय करणाऱ्या बायकांच्या स्वतःच्या संघटना आहेत, दरबार आणि अशोदया. तिथे 1,300 च्या वर बायकांना प्रेप देऊन पाहिली. गोळी वाटणाऱ्याही त्यांच्यातल्याच, विचारपूस करणाऱ्याही त्यांच्यातल्याच. त्या काळात एकीलाही एचआयव्हीची नवी लागण झाली नाही. ज्यांना जग सगळ्यांत जास्त नावं ठेवतं त्या बायकांनी गोळी नीट घेतली, कारण आपापसांत चोरी उरली नव्हती. संसारी बायकांना हे कधी जमेल? बचत गटाच्या बैठकीत लोणच्या-पापडाच्या हिशेबाबरोबर हा विषय निघेल का? मला वाटतं निघेल. पाळीचा निघाला, पिशवीच्या ऑपरेशनचा निघाला. ऊसतोडीच्या बायकांची गर्भाशयं काढली जातात हे बीडच्या बायका बोलल्या तेव्हा साऱ्या राज्याला ऐकावं लागलं.

तुझ्या त्या मैत्रिणीचा नवरा बाधित आहे हे तिला आधीच ठाऊक असेल, तर गोष्ट थोडी वेगळी. मग पहिलं औषध त्याचं. एआरटीची गोळी सरकारी केंद्रावर 2004 पासून मोफत आहे. ती त्याने नियमित घेतली आणि रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका खाली गेला, तर शरीरसंबंधातून तो तिला होत नाही. 9 देशांतल्या 1,763 जोडप्यांच्या अभ्यासाने 2011 साली या उपचाराने लागण थांबते हे दाखवलं, आणि त्यात आपलं पुणंही होतं. नंतरच्या अभ्यासांनी ते पक्कं केलं. पण विषाणू एवढा खाली जायला साधारण सहा महिने लागतात, आणि तो खाली गेलाय हे रक्ताच्या तपासणीतूनच कळतं, त्याच्या सांगण्यावरून नाही. तोवर तिने प्रेप घ्यावी, निरोध वापरावा. दोघांना मूल हवं असेल तर तेही होऊ शकतं, निरोगी होऊ शकतं. हे तिला आवर्जून सांग. अशा कितीतरी जणी मूल आपल्या नशिबात नाही असं धरून बसतात.

एक गोष्ट फार निकडीची. कोणी जबरदस्ती केली, किंवा निरोध फाटला आणि समोरचा बाधित असल्याची शंका आहे, तर त्यासाठी वेगळा उपचार आहे, पेप. 72 तासांच्या आत सुरू करायचा, जितका लवकर तितका चांगला, शक्य तर पहिल्या दोन-चार तासांतच, आणि पूर्ण 28 दिवस घ्यायचा. तीन दिवस रडत, अंग चोरून बसण्यात ते तास निघून जातात. जबरदस्ती झालेल्या बाईवर सरकारी असो की खासगी, कोणत्याही दवाखान्याने मोफत उपचार करायलाच हवेत, असा कायदा आहे. पोलिसांचा कागद आधी आण असं कोणी म्हणालं तर ऐकू नकोस, उपचार आधी.

प्रेप मिळते कुठे, हे मात्र मी गोड करून सांगणार नाही. सरकारच्या एड्स नियंत्रण संस्थेने, म्हणजे नॅकोने, 2022 मध्ये प्रेपची मार्गदर्शक तत्त्वं काढली. पण एआरटीसारखी ती गावोगावच्या सरकारी केंद्रावर सरसकट मोफत मिळत नाही. डॉक्टरच्या चिठ्ठीवर घ्यावी लागते, बहुतेक वेळा खिशातून पैसे घालून, आणि तालुक्याच्या दुकानात नसली तर जालना किंवा छत्रपती संभाजीनगरहून मागवावी लागते. तालुक्यातल्या दुकानाची दुसरी अडचण तुला माहीतच आहे: काउंटरवरचा पोरगा नवऱ्याच्या मित्राचा भाऊ असतो. जी बाई स्वतःच्या नावावर दोनशे रुपये ठेवू शकत नाही तिने दर महिन्याला हे कसं करायचं? हा प्रश्न तिचा नाही, सरकारचा आहे. देशात सगळ्यांत जास्त एचआयव्हीबाधित माणसं महाराष्ट्रात आहेत. निरोध फुकट मिळतो, माला-एन मिळते, मग ज्या बाईला धोका आहे तिला ही गोळीही तिच्या जवळच्या केंद्रावर, गाजावाजा न करता मिळायला हवी.

पुढचं चित्र बरं आहे. लेनाकापाविर नावाचं इंजेक्शन निघालंय, वर्षातून दोनदा घ्यायचं. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या 16 ते 25 वयाच्या मुलींमध्ये त्याची चाचणी झाली. इंजेक्शन घेतलेल्या 2,134 जणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. 2024 साली हे जाहीर झालं आणि जून 2025 मध्ये अमेरिकेने त्याला मान्यता दिली. स्वस्त दरात ते बनवायचा परवाना ज्या कंपन्यांना मिळालाय त्यांत पुण्याची एमक्युअरही आहे. घरात डबी नाही, खुळखुळ नाही, ट्रंक नाही. सहा महिन्यांनी माहेरी गेलं, दवाखान्यात जाऊन आलं, झालं. उसाच्या पट्ट्यातल्या बायकांसाठी तर हे जणू त्यांचाच हंगाम बघून बनवल्यासारखं आहे: जाण्याआधी एक, आल्यावर एक. आपल्या दवाखान्यात ते येईपर्यंत थांबू मात्र नकोस.

आत्ता करायचं ते सोपं आहे, आणि फुकट आहे. तपासणी. सरकारी दवाखान्यात आयसीटीसी नावाचं केंद्र असतं, जिल्हा रुग्णालयात आहे, तालुक्याच्या रुग्णालयांत आहे. गावात ओळखीचे भेटतात म्हणून दुसऱ्या तालुक्याच्या दवाखान्यात गेलीस तरी चालतं. अंबडच्या बाईने जालन्याला जाऊ नये असा नियम नाही. बाजाराचा दिवस धर, म्हणजे घरी काही सांगावं लागत नाही. आत समुपदेशिका असते. ती आधी तुझ्याशी बोलते, तुझी संमती घेते, मग रक्त काढतात. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा आहे, 2018 च्या सप्टेंबरपासून लागू झालाय. तुझ्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, तुझी माहिती बाहेर फोडता येत नाही, आणि या कारणावरून तुला नोकरीवरून, शाळेतून, दवाखान्यातून हाकलता येत नाही. कागद तुझ्या हातात द्यायचा, सासूच्या नाही. तिथे जाण्याआधी फोनवर विचारायचं असेल तर 1097. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

तिथे गेलीस की प्रेपचं नाव घेऊन विचार. समुपदेशिकेला माहिती असेल तर ती रस्ता दाखवील. नसेल तर ‘नॅकोने यावर पुस्तिका काढलीय, बघून सांगता का’ असं म्हण. लाजू नकोस, आणि ओरडूही नकोस, साधं विचार. खिडकीवरचं कोणी भुवया उंचावून म्हणालंच, ‘लग्न झालंय ना तुझं, मग ही तपासणी काहून?’, तर सांग, ‘लग्न झालंय म्हणूनच आलेय.’

कोणत्या वारी जातेस ते मला कळव. एकटीने जायला नको वाटत असेल तर मी जालन्याच्या स्टँडवर येते, दोघी मिळून जाऊ. मैत्रिणीलाही घेऊन ये, असली तर.